पिवळ्या पानावरचे प्रश्न

किशोरने सायलीच्या हातातला खडू घेतला आणि तो गल्लीच्या तोंडापर्यंत परत चालत गेला. तिथून त्याने घरे पुन्हा मोजायला सुरुवात केली. कोपऱ्यावरचे इस्त्रीवाल्याचे घर, त्याला खेटून दोन जोडघरे, मग पिठाची गिरणी. गिरणीपाशी तो थांबला. आतल्या पट्ट्याची घरघर उंबऱ्यावरून रस्त्यावर सांडत होती आणि दारात बसलेल्या मांजराच्या मिशांवरही पीठ साचले होते.

"गिरणीच्या मागे एक खोली आहे," तो म्हणाला. "ती घर म्हणून धरली, तर पुढचा सगळा क्रम सरकतो."

"तिथे रिकामी पोती राहतात, सर. काल तुम्हीच डोकावून आलात." सायलीने प्रश्नावलीची फळी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "पोत्यांना काय विचारू? गेल्या वर्षात तुमच्यावर कुणी हात उचलला का?"

किशोर हसला नाही. तो पुढे निघाला. प्रत्येक पाचव्या घरी जायचे, असा नियम होता. आकडा पुन्हा त्याच फाटकापाशी येऊन थांबला. निळे फाटक, डालड्याच्या डब्यातली तुळस, भिंतीला बाहेरून टेकलेला गच्चीचा लोखंडी जिना. त्याने खडू फाटकाला टेकवला, पण खूण केली नाही.

"ओळखीचं आहे का कुणी?" सायलीने विचारले.

"माझ्या भावाचं घर आहे."

 सायलीने त्याच्या बोटांतून खडू हलकेच काढून घेतला आणि स्वतःच फाटकाच्या कोपऱ्यात छोटीशी खूण केली.

कुंभमेळा होऊन सहाएक महिने झाले होते. मेळ्यासाठी घाईने रंगवलेल्या शहराच्या भिंतींचे पोपडे आता सुटू लागले होते आणि फेब्रुवारीचे कोरडे वारे ते पोपडे सिडकोच्या गल्ल्यांतून हिंडवत होते. किशोर कॉलेजात समाजशास्त्र शिकवी आणि गुन्हेगारीशास्त्रात पीएच.डी. करत होता. पोलीस ठाण्यात ज्याची नोंद होत नाही, त्या गुन्ह्याचा तो शोध घेत होता. त्याची कल्पना तो करी ती पाण्याखालच्या दगडांसारखी. वरून प्रवाह सपाट दिसतो आणि तरीही मध्येच कुठेतरी पाणी उगाच वळसा घेते.

पुण्याचे त्याचे मार्गदर्शक दर रविवारी फोनवर एकच प्रश्न विचारत. "सिद्धान्त कुठे आहे, किशोर? घरं मोजणं म्हणजे संशोधन नव्हे. ते जनगणनावालेही करतात."

सिद्धान्त त्याच्यापाशी होता. वर्गात तो फळ्यावर त्रिकोण काढून समजावी. गुन्हा घडायला तीन गोष्टी एका जागी याव्या लागतात. तो करू पाहणारा, त्याच्या हाती सापडणारा आणि रखवालदाराची गैरहजेरी. रखवालदार म्हणजे पोलीसच का, असे कुणीतरी हमखास विचारी. नाही, तो सांगे, कुणीही. ओट्यावर बसलेली म्हातारी, समोरची उघडी खिडकी. नुसते तिथे असणेही पुष्कळदा पुरते.

प्रश्नावली लिहायला बसला तेव्हा मात्र हा त्रिकोण रस्त्यावर, दुकानात, बसस्टँडवर नीट उभा राहत होता आणि घराच्या उंबऱ्यात मोडत होता. दार लागले की पहिला आणि तिसरा कोन एकाच माणसावर येऊन पडत. ज्याने राखायचे तोच. किशोर कित्येक दिवस त्या मोडलेल्या आकृतीकडे पाहत राहिला होता. मग त्याने प्रश्नावलीचा शेवटचा भाग लिहिला, घराच्या आतला. आणि तो विचारण्याची रीतही लिहिली. बाईला एकटीलाच विचारायचे. ऐकू जाईल इतक्या अंतरावर कुणी नको. मध्येच कुणीही आले, तर शेवटी जोडलेले पिवळे पान उघडायचे. त्या पानावर नळाच्या पाण्याचे प्रश्न होते. किती वाजता येते, दाब कसा असतो, गढूळ असते का. आलेला माणूस गेला की पुन्हा पांढऱ्या पानावर. ही गोष्ट प्रत्येक बाईला आधीच सांगून ठेवायची, म्हणजे ती दचकणार नाही.

त्या पिवळ्या पानाचे मार्गदर्शकांनी प्रथमच कौतुक केले होते.

"हे घर सोडू," किशोर आता म्हणाला. "शेजारचं घेऊ. एका घराने काय होतं?"

"सर, पहिल्याच दिवशी तुम्ही आम्हाला काय सांगितलं?" सायलीने त्याचाच वर्गातला खर्जातला आवाज काढला. "ज्या घरी जावंसं वाटत नाही, त्या घरासाठीच नमुना काढायचा असतो."

"मग मी बरोबर येतो. वहिनी नवख्या माणसाला बुजेल."

"तुम्ही आलात तर मी कोरी पानं घेऊन परत येईन." हे ती हसत म्हणाली, पण पुढचे वाक्य हसत म्हणाली नाही. "आणि परत आल्यावर मला काही विचारायचं नाही, सर. ते पण तुम्हीच लिहिलंय."

तिने आपली पाण्याची बाटली त्याच्या हातात कोंबली, ओढणी खांद्यावर नीट केली आणि फाटक लोटले. किशोर समोरच्या गुलमोहराच्या आडोशाला सरकला. वरून वहिनीचा आवाज आला, "कोन हाय? गच्चीवर या, बाई, हात चिकात हायेत माझे." मग जिना वाजला. त्या लोखंडाला प्रत्येक पावलाचा वेगळा नाद होता. या घरात दहा वर्षे काढलेल्या माणसाला डोळे मिटूनही त्यावरून कोण चढते आहे ते कळले असते.

तो अकरा वर्षांचा असताना आई गेली आणि पुंजारामदादा त्याला सिन्नरकडच्या गावातून इथे घेऊन आला. दादा अंबडच्या कारखान्यात लेथवर होता. स्वतःचे शिक्षण दहावीशी तोडून त्याने धाकट्या भावाचे पुढे नेले. लंकावहिनी तेव्हा नवी नवरी होती, किशोरपेक्षा सात-आठ वर्षांनीच मोठी. तरी तिने त्याच्या डोक्याला तेल लावले, त्याच्या तापात रात्री जागवल्या, त्याच्या नापास झालेल्या गणिताची बातमी दादापर्यंत पोहोचू दिली नाही. आजही दादा कारखान्यात सांगे, "आमचा किशा डाक्टर व्हनार. पन सुई न टोचनारा."

सावली सरकली तसा किशोरही सरकला. इतर घरांत सायलीला फार वेळ लागत नसे. बहुतेक बाया शेवटच्या भागातल्या प्रत्येक प्रश्नाला मान हलवून नाही म्हणत आणि ती ओढणीने चेहरा पुसत बाहेर येई. आज गच्चीवर नुसती शांतता होती. वाळवणाखालच्या धोतराची एक कड वाऱ्याने मध्येच उचलली जाई आणि पुन्हा टेके.

काय सांगत असेल?

त्याने बाटलीचे झाकण उघडले, पुन्हा लावले. त्याला रेडिओ आठवला. बारावीच्या वर्षी तो आतल्या खोलीत अभ्यास करत असे आणि बाहेरच्या खोलीतला रेडिओ अधूनमधून एकदम मोठा होई. बातम्या असोत, शेतीचा कार्यक्रम असो, सनई असो. थोड्या वेळाने आवाज पुन्हा खाली येई. दादाला ऐकायला कमी येतं, कारखान्यातल्या आवाजाने कान गेलेत, असे तो मित्रांना सांगे. लेथवरच्या माणसांचे कान जातातच. ते खोटे नव्हते. आज मात्र ती सनई गुलमोहराच्या शेंगांतून खुळखुळत त्याच्यापाशी आली आणि गेली नाही.

वहिनीने त्याला सांगितले असते. हा विचार त्याने घट्ट धरला. असे काही असते, तर तिने मलाच आधी सांगितले असते. त्या घरात तिचे माझ्याइतके जवळचे दुसरे होते कोण?

पण विचार हातात ठरेना. बाटलीतले पाणी हलत राहिले. सायलीला तहान लागली असेल, असे त्याला वाटले, आणि ते वाटताच इतका वेळ अडून राहिलेले पाऊल सुटले. फाटक. तुळस. जिना. पहिल्या पायरीने नाद केला, दुसरीने केला. तिसरीवर त्याला वहिनीचा आवाज ऐकू आला, नेहमीपेक्षा मोठा, खणखणीत.

"पानी व्हय? पानी पहाटं येतं बघा. अन् लय बारीक. हंडा भरूस्तर मानूस म्हातारं व्हतं!"

किशोर वर पोहोचला.

गच्चीभर जुनी धोतरे अंथरली होती आणि त्यांवर ओल्या कुरडयांची पांढरी चक्रे होती. वहिनी सोऱ्या मांडीत घेऊन बसली होती. सायली तिच्यासमोर, भिंतीला पाठ लावून. तिच्या मांडीवरच्या फळीवर पांढरे पान उघडे होते. पेन्सिल एका ओळीच्या मध्यावर अडली होती. पिवळे पान अजून सगळ्यात खाली, चिमट्यात जसेच्या तसे अडकलेले होते. सायलीला ते उघडायला वेळच मिळाला नव्हता. ती आता घाईने पाने उलटत होती आणि तिचे कान लाल झाले होते.

वहिनी मात्र थांबली नाही.

"उन्हाळ्यात तर ईचारूच नका. आन् गढूळ म्हनाल तर पावसाळ्यात येतं कवाकवा." मग जणू आत्ताच दिसल्यासारखे तिने त्याच्याकडे पाहिले. "आलात व्हय, भावजी? बसा की. ह्या पोरीला पान्याचं सांगत व्हते. तुमच्याच कालेजातली हाय म्हनं. चांगली हाय पोर, सबुरीनं ऐकती."

किशोरने बाटली पुढे केली. ती कुणीच घेतली नाही, म्हणून त्याने ती कठड्यावर ठेवली.

'कुणीही आले तर.' हे शब्द त्याने स्वतः लिहिले होते, दोनदा खोडून. आधी 'पती' लिहिले होते, मग 'पती किंवा सासू'. शेवटी त्याला वाटले, यादी करणे म्हणजे कुणीतरी निसटणार. म्हणून 'कुणीही'. लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर किती चेहरे आले होते. दारात उभा नवरा, पोथी मिटून कान देणारी सासू, साखर मागायला आलेली शेजारीण. त्या सगळ्या चेहऱ्यांच्या गर्दीत एक जागा रिकामी होती. ती आता, या उन्हात, त्याच्या अंगाला बरोबर बसली.

"चीक खानार का?" वहिनी म्हणाली. "वाटीत काढून ठिवलाय. तुमच्या आवडीचा, तेल घालून."

तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीतीही नव्हती. होती ती जुनीच माया, आणि त्या मायेच्या पुढे नीट लावून घेतलेले एक दार. गणिताचे गुण तिने याच चेहऱ्याने झाकले होते. आणखी काय काय झाकले होते, त्याला कधी दिसलेच नव्हते.

"नंतर खातो," तो म्हणाला.  काहीतरी बोलायला हवे होते आणि बोलण्यासारखे सारे शब्द त्या पांढऱ्या पानावर छापलेले होते. त्याने रस्त्याकडे पाहिले. "दादाची पाळी सुटायची वेळ झाली."

वहिनीचा सोऱ्यावरचा हात थांबला. अर्धी कुरडई तुटून धोतरावर लोंबली.

"व्हय," ती म्हणाली. "येतील आता."

सायलीने पानांवरून मान वर केली. ती किशोरकडे पाहत होती, वर्गात फळ्याकडे पाहते तशी, पुढची ओळ कधी लिहितात याची वाट बघत.

"मी आहे खाली, वहिनी," किशोर म्हणाला.

वहिनीने त्याच्याकडे पाहिले. बराच वेळ. मग तिने तुटलेली कुरडई बोटाने जुळवली आणि सोऱ्या पुन्हा फिरवला.

उतरताना त्याने पायऱ्यांच्या कडांवर पाय टेकवले, म्हणजे लोखंड वाजू नये. फाटक ओढून घेतले. गिरणीपाशी पोहोचेपर्यंत त्याच्या मागे वरून कुठलाच आवाज आला नाही. मग तिथल्या घरघरीत काही ऐकू येणे शक्यच राहिले नाही. तो कोपऱ्यावर उभा राहिला. अंबडकडून कारखान्यांची माणसे सुटू लागली होती. सायकली, मोपेडी, डबे लटकवलेले हात. प्रत्येक चेहऱ्यात तो एकच चेहरा शोधत होता आणि तो दिसू नये असेही त्याला वाटत होते.

दादाच्या एम-एटी गाडीचा तो फाटका आवाज आलाच.

"किशा!" पुंजारामने गाडी त्याच्या पायाशी आणून थांबवली. खाकी सदऱ्यावर तेलाचे डाग होते, भुवयांत लोखंडाचा बारीक भुगा चमकत होता. "इथं काय ट्राफिक हवालदार झाला का काय? चल घरी. वैनी कुरडया करायली, चीक खाऊ."

"चहा घेऊ आधी."

"घरी काय चहा नाय?"

"टपरीवरचा घेऊ, दादा. किती दिवसांत बसलो नाही."

पुंजारामने त्याच्याकडे नीट पाहिले. त्याला बरे वाटल्याचे लगेच दिसले. शिकलेल्या भावाने आपल्याबरोबर रस्त्यावर बसावे, याचे त्याला नेहमीच अप्रूप वाटे. त्याने गाडी स्टँडवर लावली आणि टपरीवाल्याला ओरडून सांगितले, "दोन कडक! डाक्टरसाहेब आलेत आमचे!"

ते बाकावर बसले. पुंजारामची पाठ गल्लीकडे होती. किशोरने ती जागा त्याच्यासाठी सोडली होती. त्याच्या खांद्यावरून गच्चीचा कठडा दिसत होता आणि कठड्यावर बाटली.

"तुझं ते सर्व्हेचं काय झालं?" पुंजारामने बशीत चहा ओतला. "शेजारच्या गल्लीत आल्या व्हत्या म्हने पोरी. आमच्या गल्लीनं काय घोडं मारलं?"

"सुरू आहे."

"आमच्याकडं येतील?"

"आला नंबर तर येतील."

"येऊ दे. पन आमच्याकडं काय विचारनार? आमच्या घरातनं काय चोरीला जानार? एक ती टीव्ही, ती बी चोर परत आनून देईल, चित्र हलतं म्हनून." तो स्वतःच्याच विनोदावर मोकळेपणी हसला. टपरीवालाही हसला आणि हसता हसता त्याने फळीवरच्या रेडिओचा आवाज वाढवला.

"आवाज कमी कर ना जरा," किशोर म्हणाला.

तो जरा जास्तच जोरात बोलला असावा. टपरीवाल्याने चमकून खुंटी मागे फिरवली. पुंजाराम बशी ओठांशी धरून क्षणभर थांबला. मग त्याने उरलेला चहा एका घोटात संपवला.

"चल," तो उठत म्हणाला. "ऊन उतरलं की कुरडया काढायला बाईमानसाला हात लागतो. न्हाईतर पुन्हा..." त्याने वाक्य पुरे केले नाही. तळहाताने तोंड पुसले आणि गाडीची किल्ली बाकावरून उचलण्यासाठी हात पुढे केला.

किशोरचा हात त्याच्या आधी किल्लीवर पडला. दोघांची बोटे एकमेकांवर आली. दादाचे बोट खरखरीत होते, नखाच्या कडेला काळी रेघ. हेच बोट धरून तो या शहरात उतरला होता.

"दादा," तो म्हणाला, "ते मोहदरीच्या घाटाचं सांग ना."

"कुठलं?"

"मला पहिल्यांदा आणलंस तेव्हा एस.टी. बंद पडली होती. ट्रंक डोक्यावर घेऊन तू..."

"ते? ते तर तुला पाठ हाय की."

"मधलं विसरलोय. कंडक्टर काय म्हणाला होता?"

पुंजारामच्या चेहऱ्यावरचा सगळा भुगा जणू एकदम उजळला. आयुष्यात त्याला पूर्ण सांगता येणारी हीच एक गोष्ट होती आणि ती तो कधीच आटोपती घेत नसे. घाटातला प्रत्येक दगड, प्रत्येक माणसाचे बोलणे, भूक लागल्यावर फडक्यातून निघालेली भाकरी, यांतले काही म्हणता काही तो गाळत नसे. तो पुन्हा खाली बसला. बाक त्याच्या वजनाने कुरकुरला.

"अरे, कंडक्टर म्हंजे एक नंबरचा इरसाल! म्हनला, पोराला खांद्यावर घ्याचं तं अर्ध तिकीट, अन् ट्रंकंला पुरं! मी म्हनलं, साहेब, आई मेलेलं पोर हाय, त्याचा हात मी सोडनार नाय..."

किशोरने किल्ली मुठीत घेतली आणि दुसऱ्या हाताने आणखी दोन चहांची खूण केली. तो दादाकडे पाहत होता, मान हलवत होता, नेमक्या जागी हसतही होता. गोष्ट घाटाच्या पायथ्याशी होती. दादाच्या खांद्यापलीकडे ऊन कठड्यावरून हळूहळू खाली घसरत होते. बाटली अजून तिथेच होती आणि गच्चीवर अजून कुणी उठून उभे राहिले नव्हते.